बाणवाली फाईल

सासूबाईंचा आवाज मी दिवाळीच्या साफसफाईत पुसून टाकला. तेव्हा बावन्न वर्षांची होते. पंधरा दिवस कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन आलेली, म्हणजे स्वतःच्या मते पंडिताच.

त्यांच्या घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या मुलाने त्यांचं अर्धा तास बोलणं भरून ठेवलं होतं. चांदवडला, त्यांच्या माहेरी, काळा मसाला कसा करत, ते. ऑपरेशननंतर आवाज गेला, पाटी-पेन्सिल आली. रोज चारच्या चहाला डीव्हीडी प्लेअरला पेन ड्राइव्ह लावायचा आणि त्यांनी डोळे मिटून स्वतःला ऐकायचं, असा नेम.

त्या दिवशी माळे झाडून झाले, डबे घासून झाले, हात शिवशिवत होते. कॉम्प्युटरवर पाहते तर सासूबाईंच्या नावाची दोन चित्रं. एक आत, अगडबंब. दुसरं समोरच, कोपऱ्यात बाण असलेलं, एवढंसं. एकाच कामाची दोन पातेली मी कधी ठेवली नाहीत. मोठं काढलं, सुटसुटीत ठेवलं. मुलाच्या लॅपटॉपवरचं मोठंही काढून तिथे हेच सुटसुटीत ठेवलं. पेन ड्राइव्हवरही तसंच. तीन ठिकाणी कसं एकसारखं! आणि दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटर-लॅपटॉपमधल्या केराच्या टोपल्या भरलेल्या कशा ठेवायच्या? त्याही रिकाम्या केल्या.

साडेतीनला सहज पेन ड्राइव्ह लावून पाहिला. टीव्ही निळा. लॅपटॉपवर दाबलं, फाईल सापडत नाही म्हणे. कॉम्प्युटरवरही तेच. मुलाला अंबडच्या कारखान्यात फोन लावला.

"आई, बाणवालं म्हणजे नुसता पत्ता असतो गं. घर मोठ्यात होतं."

"मग?"

"मग काय, घर पाडलंस तू! आता कशालाही हात लावू नकोस. आल्यावर बघतो. मिळेलच असं नाही."

पावणेचार. चहा टाकला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. पुन्हा टाकला. वीज गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. प्लेअर बिघडला म्हणावं, तर उद्या काय? आतून सासूबाईंच्या काठीचा आवाज आला, टक, टक. माझ्या मुलांना जन्म देतानाही मी इतकी घाबरले नव्हते. त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. मी कपबशी हातात धरून तशीच उभी.

शेवटी सगळं सांगितलं. रडत, नाक ओढत, बाणासकट. त्यांनी डोळे उघडून निळ्या टीव्हीकडे पाहिलं. पुढे मुलाने पेन ड्राइव्हमधून सात-आठ मिनिटं परत मिळवली, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मग त्यांनी पाटी ओढली, सावकाश लिहिलं आणि माझ्यासमोर धरली:

"रडतेस कशाला? अर्धा वेळ त्यात मी तुझ्याच मसाल्याला नावं ठेवलीत. बस, चहा घे."