काकांच्या तसबिरीवरचा मुकुट

सुगतकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभी होते. फोन त्यांच्या मुलीचा, अस्मिताताईचा होता. ती इथे सिंगापूरलाच जन्मली, वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. त्या दुपारी मात्र ती मराठीत म्हणाली, "पपा गेले." बाकी काही नाही... ती मराठीत बोलली, त्यामुळेच मला ते खरं वाटलं.

त्याला आता काही आठवडे झाले. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठलीही गोष्ट कशी करतात हे मी काकांनाच विचारायचे. हेही त्यांनाच विचारलं असतं. पण त्यांच्या शोकसभेत जे झालं ते पाहिल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

काका आणि माझे बाबा वरोऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचे. बाबा शाळा सोडून गवंडीकामाला लागले. काका डिप्लोमा करून, नोकऱ्या बदलत इथे तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर झाले. मला इथे शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा बाबांनी त्यांना फोन केला, "पोरगी येऊन राह्यली तिकडे. पायजो जरा." काकांचं 'पाहणं' म्हणजे विमानतळावर स्वतः हजर राहणं आणि पुढे दर रविवारी वुडलँड्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बोलावणं. मी एखाद्या रविवारी टाळलं, तर रजनीकाकू डबा भरायच्या आणि काका एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तो हॉस्टेलवर आणून द्यायचे. वर म्हणायचे, "तुझ्यासाठी नाही आलो. या लाईनीवर एसी चांगला आहे."

त्या फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये एक वीतभर लांबीची निळी गाडी होती. साठच्या दशकातल्या एका अमेरिकन गाडीची प्रतिकृती. नाव कोरोनेट. घरात नवीन कोणी आलं की काका ती त्याच्या हातात द्यायचे आणि नखाने बॉनेट उघडायचे. "वरून बघू नको, आत बघ." आत इवलंसं इंजिन, त्याच्या वायरीसुद्धा दिसायच्या. शाळेत असताना रद्दीच्या दुकानातल्या एका परदेशी मासिकात त्यांनी तिचं चित्र पाहिलं होतं. शब्दकोशात नाव शोधलं, तर अर्थ निघाला सरदार-उमरावांचा मुकुट. राजाच्या मुकुटाहून लहान. मला हे सांगताना म्हणाले, "मी चिडलोच. म्हटलं, इथेपण आलेच हे वरचे-खालचे!"

नंतर त्यांनी त्या मुकुटांविषयी बरंच वाचलं. ड्यूकच्या मुकुटावर पानं असतात, सगळ्यात खालच्या बॅरनच्या मुकुटावर नुसते चांदीचे गोळे. डोकं पाहिलं की माणूस कोणत्या पायरीवरचा ते कळतं. "आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे गोळे मोजतात," काका म्हणायचे. आणि गाडी? गाडी अगदी साधी. तिकडे ती टॅक्सीत चालली, पोलिसांकडे चालली, कारखान्यातल्या कामगारांनी घेतली. मग त्याच घरगुती अंगात कोणीतरी दांडगं इंजिन बसवलं आणि ती भल्याभल्यांच्या पुढे पळायला लागली. उमरावांच्या डोक्यावरचं नाव कामगाराच्या दारात उभं राहिलं, याचा काकांना केवढा आनंद!

एकदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आम्हाला खरीखुरी कोरोनेट दिसली. तिचे मालक, एक वयस्कर चिनी गृहस्थ, काकांचा चेहरा पाहूनच इथल्या लकबीत म्हणाले, "सिट, सिट, नेव्हर माइंड लाह." काकांनी रुमालाने बुटांचे तळवे पुसले आणि मगच आत बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मला म्हणाले, "बघ, इथे बसताना कोणाच्या पोटी जन्मलास असं नाही विचारलं."

मी म्हटलं, "पण विकत घ्यायची तर पैसे विचारतील ना, काका?"

"विचारतील की. पण पैसे कमावता येतात गं. आजोबा कसे कमावणार?"

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळात सत्कारमूर्तीच्या डोक्यावर मुकुट ठेवायची प्रथा आहे. काकांच्या साठीलाही तो आणला होता. अध्यक्षांनी तो दोन्ही हातांत उचलला आणि म्हणाले, "काका, जरा वाका." काका वाकले नाहीत. हसून हात जोडले. "शाल द्या, पुस्तक द्या, चहा द्या. डोक्यावर काही नको. ते घालून घ्यायला आधी मान वाकवावी लागते, आणि मग घालणारा उंच होतो." सभागृहात हशा झाला. अध्यक्षही हसले... पण ते विसरले नव्हते.

शोकसभेला मी पोचले तर टेबलावर मेणबत्त्या, पांढरी फुलं, काकांची तसबीर आणि तसबिरीच्या चौकटीवर तोच मुकुट. मला आधी वाटलं, चुकून राहिला असेल. मी अध्यक्षांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, हा काढू या का? काकांना नको होता."

"अगं, मान आहे तो. जिवंतपणी घेतला नाही. आता नाही म्हणायला आहेत कुठे!"

शेजारचे दोघे हसले. वाईट हेतूने नसतील हसले. पण गेलेल्या माणसाच्या नकाराची किंमत इतकीच का? तो उठून बोलू शकत नाही, एवढ्याने त्याचा नकार संपला का? मग एका वक्त्याने माइकवरून सांगितलं, "काका मुकुट नको म्हणायचे, पण घरात गाडी मात्र मुकुटाच्या नावाची! हौस होतीच हो मनात." पुन्हा हशा. पहिल्या रांगेत काकू मान खाली घालून बसल्या होत्या. माझे कान तापले. ज्या माणसाने उभं आयुष्य ताठ मानेने काढलं, त्याच्याविषयी ही माणसं खुशाल सांगत होती की आतून तो वाकायलाच बसला होता!

मी उठले. टेबलापाशी गेले आणि मुकुट उचलला. किती हलका होता तो! पुठ्ठ्यावर चंदेरी कागद, वर काचेचे खडे. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडून निघालं एवढंच, "काकांनी नाही म्हटलं होतं."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," अध्यक्ष खुर्चीतून उठून म्हणाले. "ठेव तो परत."

तेवढ्यात अस्मिताताई उभी राहिली. "पपा सेड नो, राइट? नो मीन्स नो, लाह." आणि माझ्या हातातला मुकुट घेऊन तिने तो अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. पुढे सभा कशीबशी उरकली. मंडळातले काही जण माझ्याशी अजून बोलत नाहीत. न बोलोत.

रविवारी मी अजूनही वुडलँड्सला जाते. गेल्या खेपेला अध्यक्ष तिथे आले होते, काकूंना भेटायला. "वहिनी, गैरसमज नको, आम्ही आदरानेच ठेवला होता," असं काहीसं म्हणत होते. काकू उठल्या, त्यांनी शोकेस उघडली, निळी गाडी काढून त्यांच्या हातात दिली आणि नखाने बॉनेट वर केलं.

"वरून नका बघू, भाऊजी. आत बघा."

अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला आणि आतलं इंजिन पाहायला मान खाली घातली. बराच वेळ पाहत होते... मागे भिंतीवर काकांची तसबीर होती, उघड्या डोक्याची.