शांताच्या हाताखालची ओवी

नातीने, प्रणालीने, मला या ग्रुपवर घेतलं ते माझी दुपार जावी म्हणून. पडल्या पडल्या तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी वाचते. वडावरची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... आणि राग मानू नका, वाचून हसते. आमच्या शेताच्या वाटेवर मसणवटा आहे. चाळीस वर्षं डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या वाटेने आले, मला विंचवाशिवाय कोणी भेटलं नाही. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण प्रणालीच्या हळदीला जे झालं ते भूत नव्हतं. काय होतं ते मला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चिखली तालुक्यातले, अमडापूरच्या जवळचे. माझं माहेर साखरखेर्डा. धाकटी बहीण शांता माझ्याकडेच असते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. नाव बारशाला ठेवलं आणि हे नंतर कळलं. आईला ते नाव जन्मभर टोचत राहिलं. शांताने शाळा पाहिली नाही, अक्षर येत नाही. घरात आमच्या खुणा आहेत. मनगटावर बोट म्हणजे माझा मुलगा सुनील, त्याला घड्याळाचं वेड. गालावर बोट म्हणजे प्रणाली, तिला खळी पडते. ही गालाची खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आई गेली तेव्हा माहेराहून मी दोनच गोष्टी आणल्या, शांता आणि आईचं जातं. आई दळायची तेव्हा शांता समोर बसून एक हात खुंट्याला आणि एक हात दगडाला लावायची. आई ओव्या म्हणायची. हिला त्यातलं काय कळायचं कोण जाणे, पण जातं थांबेपर्यंत उठायची नाही.

माझ्या लग्नाच्या हळदीला आईने स्वतः रचलेली एक ओवी म्हटली होती. आमच्यात हळद विकतची आणली तरी पाच मुठी हळकुंडं घरच्या जात्यावर दळायचीच, आणि दळताना नवरीचं नाव घालून ओवी म्हणायची. आईच्या ओवीची दोन कडवी होती. पहिलं मला येतं. दुसऱ्याची चाल आठवते, शब्द गेले. स्वतःच्या हळदीला पोरगी ओवी पाठ करत नसते हो, रडत असते. दीड वर्षात आई गेली. मला एकच मुलगा, पोरगी नाही, त्यामुळे ती ओवी कधी लागलीच नाही. लागली ती एकदम प्रणालीचं जमलं तेव्हा.

"आजी, माह्या हळदीले तूच म्हणजो बरं," असं ती म्हणाली आणि मीही मोठ्या तोंडाने हो म्हटलं. मग झोप उडाली. साखरखेर्ड्याला दोनदा जाऊन आले. आईच्या बरोबरीच्या एकच काकू उरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाव, होती वो अशी ओवी. तुही माय रडू रडू म्हणे." आणि वर मलाच विचारलं, "कशी होती वो?"

तेवढ्यात सुनीलने डीजेचं काढलं. मी म्हटलं, आपल्याला नको तो धिंगाणा, घरची कपाटं हलतात. तो म्हणाला, "माय, आता बिना डीजेची हळद कोणी करते का? पोरी नाचाले येतीन, दळाले नाही." शेवटी ठरलं की आपण जाऊन पाहू. चिखलीला विक्की म्हणून एक डीजेवाला आहे (त्याच्या डीजेचं नाव देत नाही, नाहीतर लोक त्याला भलतंच विचारत बसतील). शांता घरी एकटी राहत नाही, म्हणून तीही गाडीत बसली.

विक्कीने शटर उघडलं आणि आवाज लावून दाखवला. मी कानात बोटं घातली. शटर थरथरत होतं. मागे वळून पाहते तर शांता पुढे गेलेली. बेसच्या, म्हणजे धडधड वाजणाऱ्या त्या मोठ्या काळ्या डब्यावर तिने दोन्ही तळहात ठेवले होते. डोळे मिटलेले, आणि चेहरा... तो चेहरा मी तिच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता. जात्यापाशी बसायची तेव्हाचा चेहरा. विक्कीने आवाज कमी केला तशी तिने डोळे उघडले आणि त्याला हाताने खूण केली, अजून, अजून.

मी सुनीलला म्हटलं, "हाच सांग. आजच सांग."

विक्कीला माझी एकच अट होती. "हळद दळतानी अर्धा घंटा बंद ठेवजो."

"आजी, बंद ठेवाले कोणी डीजे सांगत नाही."

"मंग मी सांगून राहिली ना. तेवढ्यात तू चहा पे."

"अन् ओव्याच पाह्यजे असतीन तं शोधून लावतो ना मी."

"माह्या मायची ओवी तुया मशीनमंधी कुठून येईन बे?" मी म्हटलं, आणि सगळे हसले. मीही हसले. आज ते वाक्य राहून राहून आठवतं.

हळदीच्या दिवशी सकाळपासून डीजे सुरू. पोरी नाचत होत्या, सुनीलही नाचला, घड्याळ सांभाळत. शांता बेसच्या डब्याला खुर्ची लावून बसली होती, तळहात डब्यावर. जेवायलाही उठेना, मी ताट तिथेच नेलं. बाराच्या सुमारास मी विक्कीला खूण केली. त्याने गाणं थांबवलं. मांडवात जातं मांडलेलंच होतं, शांताच्या खुर्चीपासून चार पावलांवर. आम्ही बाया गोल बसलो, दहा-बारा जणी असू. पोरींनी मोबाईल वर धरले तर मीच दटावलं, "ठेवा ते डबे खाली. देवाचं काम आहे, सिनेमा नाही." सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत टाकले. माझी अक्कल.

गाणं थांबलं होतं, पण डब्यातून बारीक घरघर येत होती.

"विक्की, बंद कर म्हटलं ना?"

"आजी, बंदच हाय. अर्थिंग बराबर नाही, म्हणून घरघरते. पूर्ण बंद केलं तं मशीन पुन्हा चालू व्हाले लई वेळ खाते."

म्हटलं असू दे. तशी ती घरघर जात्यासारखीच होती.

पाच जणींनी खुंट्याला हात लावले. प्रणाली माझ्या शेजारी. मी सुरुवात केली —

हळद दळता दळता पिवळा झाला हात,
प्रणालीबाईची माह्या निंगाली वरात...

जातं फिरत होतं. मी दुसऱ्या कडव्याची चाल धरली आणि तोंड उघडंच राहिलं. शब्द नाहीत. वाटलं होतं ऐन वेळेला येतील, देव देईल. नाही आले. प्रणाली माझ्याकडे पाहत होती. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे वो, तेच तेच म्हण." मला रडू फुटलं. आईचं एवढंच माझ्याजवळ होतं आणि तेही मी हरवून बसले होते.

आणि मागून आवाज आला.

मी आधी वळले नाही. मला वाटलं माझ्याच डोक्यात आहे, कारण आवाज आईच्या चालीत होता. तिसऱ्या शब्दाला आई एक श्वास घ्यायची, तोसुद्धा तिथेच. मग समोरच्या बायांचे चेहरे पाहिले आणि वळले. शांता म्हणत होती. एक तळहात डब्यावर, डोळे मिटलेले. ओठ हलताना मी पाहिले. आवाज जाडसर होता, न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा, पण शब्द स्वच्छ. पहिल्यापासून पूर्ण म्हटली तिने —

हळद दळता दळता पिवळा झाला हात,
प्रणालीबाईची माह्या निंगाली वरात.
जात्याच्या पोटात ठेवला मी गळा,
हात ठेवजो वो माय, येईन जवा कळवळा.

एवढंच. मग तिने डोळे उघडले. आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहतोय हे बघून घाबरली आणि मला खुणेने विचारलं — काय झालं?

जातं कधी थांबलं ते कळलं नाही. प्रणाली उठून गेली आणि शांताच्या मांडीत तोंड घालून रडली. शांता तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होती, पोरीला कोण काय बोललं?

आता तुम्ही म्हणाल, लहानपणी जात्यावर हात ठेवून ओवी तिच्या हाडात गेली असेल. मीही तेच धरून बसले होते. पण मग प्रणाली हे नाव? आईने माझ्या हळदीला माझं नाव घातलं होतं. प्रणाली जन्मली तेव्हा आईला जाऊन किती काळ झाला होता. आणि शांताला प्रणाली म्हणजे गालावरचं बोट. त्या खुणेला काही आवाज असतो हे तिला माहीत असायचं कारणच नाही.

दुसरं विक्कीने सांगितलं. लग्न झाल्यावर तो सामान न्यायला आला तेव्हा गाडी भरून झाली तरी जाईना. म्हणाला, "आजी, एक सांगू का? मावशी म्हणत होत्या तेवढा वेळ घरघर बंद होती. माहा हात मशीनवर होता. म्या काहीच केलं नाही. त्यायचं संपलं अन् पुन्हा सुरू झाली." हा पोरगा रोज कानठळ्या बसवणारा. त्या दिवशी इतक्या हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं.

शांताला बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं. ऐकू येत नाही, काहीच नाही. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, जन्मापासून ज्यांनी शब्द ऐकला नाही ते असं गाऊ शकत नाहीत. तुम्हाला भास झाला असेल."

"बारा बायांले एकाच टायमाले, एकाच चालीत?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

त्यानंतर शांताच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. रेकॉर्डिंग नाही, ते माझ्यामुळेच. ओवी मात्र आता बारा जणींना पाठ आहे, प्रणालीने ती सासरी वहीत लिहून ठेवली आहे. जातं मी आत नेलं नाही. ओसरीवरच आहे. दुपारचं काम आटोपलं की शांता त्याच्यापाशी बसते, दगडावर तळहात ठेवते, आणि थोड्या वेळाने तिच्या चेहऱ्यावर ते येतं... ते विक्कीच्या शटरसमोरचं.

मग मला खुणेने बोलावते. माझा हात धरून दगडावर ठेवते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते, आलं का म्हणून. मला गार दगड लागतो, दुसरं काही नाही. मी मान हलवते, हो म्हणून. आणि हात काढत नाही.