गोजरबाईचा लिंब

पाऊस पडल्यावर झाड वाळतं, हे मी तरी त्र्याहत्तर सालीच पहिल्यांदा पाहिलं. बहात्तरचा दुष्काळ सरला, तिसगावात बांधाबांधावर हिरवं फुटलं, आणि गोजरबाईच्या दारातला लिंब मात्र भर श्रावणात पानं गाळून खराटा झाला. अख्खी आळी दारात जमली. सगळे नुसते आ वासून वर बघत होते.

गोजरबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. तिचं म्हणावं असं एवढंच झाड. वरचं खडबडीत टरफल काढलं की आत ओली अंतरसाल लागते. तिचा काढा ती तापाच्या माणसाला पाजायची. माणूस तोंड वाकडं करायचा, तिला शिव्या घालायचा आणि बरा झाला की तिच्याच ओट्यावर चकाट्या पिटत बसायचा. सासूनं तिला नेम घालून दिला होता, की साल काढायची ती फक्त उगवतीच्या अंगाची, तळहाताएवढी. तेवढी जखम भरून आल्याशिवाय पुन्हा हात लावायचा नाही. असं का, ते सासूलाही ठाऊक नसावं.

दुष्काळात खडी फोडायला जाणारी माणसं तापानं फणफणून यायला लागली. उगवतीची साल संपली. दारात आलेल्याला नाही म्हणणं गोजरबाईच्या रक्तातच नव्हतं. आज इकडून, उद्या तिकडून, हात पोचेल त्याच उंचीवर ती सोलत गेली आणि खोडाभोवती उघडं कडं पडलं. येताजाता ते सगळ्यांनाच दिसायचं. पण चैत्रात लिंबाला अशी लसलशीत पालवी आली, की शंका कुणाला यावी? शिवाय टँकरच्या पाण्यातली एक कळशी ती रोज त्याच्या बुडाशी ओतायची आणि स्वतः घोटाघोटावर दिवस काढायची. मी तर तिला सरळ वेड्यात काढलं होतं.

शेवटी शाळेतले मच्छिंद्र गुरुजी पुढे झाले. त्या कड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मावशी, मुळांतलं पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून. ते चढत होतं, म्हणून पानं हिरवी राहिली. पण पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं ते या अंतरसालीतून. ती वाटच चहूकडून तुटली. मुळांनी साठवणीतलं होतं तेवढं खाल्लं. मग ती उपाशी मेली. मुळंच मेल्यावर पावसाचं पाणी वर चढवणार कोण?"

"अन् एका अंगाची साल ऱ्हायली असती तर?" गोजरबाईनं विचारलं.

"तर जगला असता."

दारात उभे होतो त्यांतले निम्मे तरी त्याच सालीचा काढा पिऊन उठलेले, मीसुद्धा. गोजरबाई त्या कड्यावर तळवा टेकवून गुरुजींकडे बघत राहिली.

"गुरुजी, माज्या तोंडचं पानी म्या त्येला पाजलं," ती म्हणाली. "अन् त्येच्या तोंडचा घास म्याच काढून घेतला?"