जुळं केळं

नेऱ्याच्या रंभाबाईंनी शेती गेल्याचं कधी फार मनाला लावून घेतलं नाही. शेताच्या जागी घरचीच तीन मजली इमारत उभी राहिली, खोल्यांत हिंजवडीची नोकरदार मंडळी भाड्यानं आली, आणि बाईंच्या वाट्याला उरलं ते मागच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेलं केळीचं बेट. त्यावर त्यांचा भारी जीव. घड पिकला की प्रत्येक भाडेकरूच्या दारात एकेक फणी घेऊन हजर. नको म्हणणाऱ्याशी त्या आठवडाभर बोलत नसत.

सून रेश्माला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले, तेव्हा म्हातारीचे पाय जमिनीला लागेनात. त्याच सुमारास एका घडात जुळं केळं निघालं, एका सालीत दोन. पोटुशीनं असलं केळं खाल्लं तर जुळं होतं असं गाव मानतं, आणि तिला ते देत नाही. रंभाबाईंनी नेमकं उलटं केलं. एवढी वाट पाहायला लावलीस ना देवा, मग आता दोन दे, असा त्यांचा हट्ट. त्यांनी स्वतः सोलून ते सुनेच्या हातावर ठेवलं. रेश्मानं हसत हसत खाल्लं आणि बोटं ओढणीला पुसली.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत.

पुढे तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रेश्माला, तिच्या नवऱ्याला जयसिंगला आणि रंभाबाईंना समोर बसवून समजावलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. या बाळात तीन होते. एक जास्तीचा आला होता. असं बाळ जगत नाही, आणि यात कुणाचीच चूक नाही. रंभाबाईंच्या कानात एवढंच राहिलं, एक जास्तीचा आला. तो कुठून आला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं अन्नपाणी सुटलं. रेश्मा समोर आली की मान खाली जायची. लेकरू मी मारलं, हे सुनेला सांगायचं कसं? अखेर एका सकाळी कोयता घेऊन त्या बेटात शिरल्या आणि घड धरलेल्या केळीसुद्धा तोडू लागल्या. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या हेमलताबाई धावत खाली आल्या. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत.

"मीच घातलं जास्तीचं तिच्या पोटात," रंभाबाई म्हणाल्या आणि जुळ्या केळ्याचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

हेमलताबाईंनी कोयता हळूच काढून घेतला. तो तिसरा संच गर्भ राहतानाच आलेला, केळं त्याच्या कितीतरी नंतरचं, खाण्यानं असं होत नाही, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. धीर वाटावा म्हणून हेही सांगितलं की या केळीतसुद्धा तीनच संच असतात. म्हणून तर केळ्यात बी धरत नाही, आणि बुंध्याशी फुटलेले मुनवे लावून नवी केळ करावी लागते.

रंभाबाई खाली बसून आडव्या पडलेल्या केळीकडे बघत राहिल्या. तिच्या बुडाशी हिरवेगार मुनवे उभे होते.

"हिला तीन चालत्यात," त्या म्हणाल्या. "मंग आमच्याच लेकराला का न्हाई चाललं, बाई?"

हेमलताबाईंनी कोयता लांब भिंतीशी नेऊन ठेवला.

रेश्मा मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आली आणि सासूशेजारी चिखलातच बसली.

"आई, ते केळं मी खाल्लंच न्हवतं. लई मळमळत हुतं. तुमची पाठ फिरली आन् शेजारच्या शेळीला घातलं."

रंभाबाईंनी तिला खाताना पाहिलं होतं, शेवटच्या घासापर्यंत. पाठ त्यांनी फिरवलीच नव्हती. जिची कूस रिकामी झाली, तीच आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे त्यांना सोसेना.

"बरं केलंस, पोरी," त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या मांडीवर डोकं टाकून बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या, नुसत्या बाळासाठी.