काचेवरचं साल

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करायची सवय लागलेली. जोरात पळणारी गाडी सेकंडहँड घ्यायची ठरवली, तेव्हाही मी वहीत एकाच मॉडेलच्या दोन सालांचा तक्ता केला. नव्या सालात इंजिनची ताकद जास्त, ब्रेकही चांगले. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्या नव्या सालाच्या गाडीतच घालायचं जवळपास ठरलं होतं.

तरी दोन्ही सालांची एकेक गाडी लालबागच्या एका गॅरेजवाल्या काकांना दाखवली. त्यांनी माझी वही शांतपणे वाचली. "पेपर छान लिहिलायस रे. आता गाडी बघूया?"

बॉनेट न उघडताच ते नव्या गाडीभोवती काचा बघत फिरले. काच कधी बनली याची बारीक खूण तिच्या कोपऱ्यात असते, हे मला ठाऊकच नव्हतं. डाव्या दारांच्या दोन्ही काचा गाडीपेक्षा दोन वर्षांनी नव्या निघाल्या. मग काकांनी त्या दारांचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर पान्याचे ओरखडे होते.

"हिला जबर ठोकलंय कुणीतरी. तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसवू?"

जुन्या गाडीच्या सगळ्या काचा एकाच वर्षाच्या होत्या. महिनाभराचा माझा अभ्यास काकांनी दहा मिनिटांत न दुखवता तपासून दिला होता. मी जुनीच घेतली आणि आधी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पुढच्या काचेवर हलकेच बोट टेकवलं.

"तुमच्या चाळीत पोरं क्रिकेट खेळतात ना? गाडी लांब लाव."