कललेली भिंत आणि एक क्रियापद

मुलांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, ‘डिस्टेबिलाइझ’ला मराठीत काय म्हणायचं? ‘अस्थिर करणे’ असं सांगून मी मोकळी झाले. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. त्यानंतर आपल्या कुंपणाची भिंत कलली आणि तो शब्द मला नीट कळला. म्हणून आज लिहिते.

पाडणं वेगळं. जे उभं आहे त्याचा तोल जाईल असं काही करणं, म्हणजे डळमळीत करणं, हा या क्रियापदाचा अर्थ. ती गोष्ट पडेलच असं नाही. बातम्यांत हा शब्द सरकारांच्या बाबतीत येतो आणि मागे कुणाचा तरी डाव असतो. पण डाव नसेल तर?

हुडकेश्वरला आपल्या घराखालची जमीन काळ्या मातीची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेजारणीच्या कूलरचं पाणी भिंतीशी झिरपायचं. तिकडची माती फुगली, आपल्याकडची कोरडी राहिली. मी तिला सहज म्हटलं, “तुमच्या कूलरनं भिंत कलली बघा.”

“मी काहून पाडू काकू तुमची भिंत? मले काय दुसरे धंदे नाईत?”

त्या भिंतीवरून आमच्या भाजीच्या वाट्या जायच्या-यायच्या, गप्पा व्हायच्या. सगळं थांबलं. तिच्या नवऱ्यानं तिथे पत्र्याचं उंच कुंपण घालायचं ठरवलं. भिंतीपेक्षा मला त्या पत्र्याची धास्ती वाटली.

मी शब्दकोश काढला. या क्रियापदाला कर्ता म्हणून माणूसच लागतो असं नाही. वादळ चालतं, दुष्काळ चालतो, अफवाही चालते. हेतू असलाच पाहिजे अशी अट नाही. मग पाणी का नाही चालणार? वांग्याची भाजी घेऊन मी फाटकातून तिच्याकडे गेले.

“पाण्यानं केलं ते. तुम्ही नाही.”

“मंग तसं सांगा लागत होतं ना! मी इकडे मनातल्या मनात कुढून राहिली.” तिनं वाटी हातात घेतली. “पण काकू, पाणी तं माह्याच कूलरचं.”

दुसऱ्या दिवशी तिनं कूलरची नळी आपल्या मोगऱ्याकडे वळवली. कललेल्या विटा उतरवल्या. पत्रा आलाच नाही.

भिंत आता कमरेइतकी उरली आहे. तिच्यावरून वाटी अजून येते.