कप्तानचाचांचा तांबडा कोबा

कप्तानचाचा हॉटेलच्या कुठल्याही खोलीत शिरले की आधी पलंगावर आडवे व्हायचे. आमचे मालक नाना बिचारे पडद्यांचे नमुने हातात घेऊन उभे, आणि चाचा छताकडे बघत स्वस्थ पडलेले. मग म्हणायचे, "नाना, मालक खोली उभ्याने बघतो, पाहुणा पडून बघतो. तो पंखा आता डोक्यात पडेलसा वाटतोय. सरकवा." नाना चरफडायचे, पण पंखा सरकायचा.

चाचा कप्तान कधीच नव्हते. उतारूंचं खाणंपिणं, झोपणंबसणं बघणारे बोटीवरचे मुख्य कारभारी. पण रत्नागिरीत परतले ते कडक पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट आणि ताठ मान घेऊन, तेव्हा गावाने त्यांना कप्तान करून टाकलं. त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "बाय, कप्तान नुसती बोट चालवायचा. माणसं मी चालवायचो."

नानांचं हॉटेल जुन्या बाजारपेठेच्या ऐन मध्यावर. जांभ्या दगडाची इमारत, पुढे पडवी, पडवीत लाकडी बाक. मी आत काउंटरवर बसायची. कोकण रेल्वे सुरू झाली, मुंबईची माणसं यायला लागली आणि नानांनी मनावर घेतलं की आपलं हॉटेल आता बड्या शहरातल्यासारखं दिसलं पाहिजे. त्यांचे मुलगे म्हणत होते, जागा बिल्डरला देऊन मोकळे व्हा. शेवटी ठरलं की नव्या रूपात वर्षभर चाललं तर ठेवायचं, नाही तर विकायचं. म्हणजे माझ्यासकट सगळे नोकर घरी. चाचांना मुलाने कुवेतला बोलावलं होतं. पण नानांचं हॉटेल नव्याने सजवून द्यायचं काम पत्करलं म्हणून त्यांनी जाणं पुढे ढकललं.

नानांना जांभ्याच्या भिंतींवर गुलाबी गिलावा हवा होता. चाचांनी भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "एवढ्या चांगल्या दगडाला पावडर कशाला?" भिंती वाचल्या. फरशीच्या बाबतीत मात्र चाचांचंच डोकं फिरलं. परदेशी बंदरांतल्या हॉटेलांत बघितलेला पांढराशुभ्र संगमरवर त्यांच्या मनात भरला होता. तो आला, पुढच्या हॉलमध्ये बसला, काचेचं दार लागलं, आणि त्या फरशीत आपला चेहरा दिसतो का ते चाचा रोज वाकून बघायला लागले.

उद्घाटनाला सगळी पेठ बोलावली. मी काठपदराची साडी नेसून गुलाबपाणी घेऊन उभी. पहिल्या आलेल्या वकिलीणबाईंनी काचेतून ती फरशी बघितली आणि चपला बाहेर काढल्या. झालं. मागून आलेले डॉक्टर, व्यापारी, त्यांच्या बायका, सगळ्यांनी पायताणं काढली. देवळाबाहेर असावा तसा ढीग पडला. आत सगळे अनवाणी, भिंतीला चिकटून. आया पोरांना दटावत होत्या, "जपून चाल, पाय उमटतील." सोफ्यावर एकजणही टेकला नाही. पेढा खाल्ला, छान छान म्हणाले आणि गेले.

मग गाव फिरकेना. पूर्वी त्या बाकावर लग्नं जमायची, एसटी चुकलेली माणसं टेकायची, कुणी नुसताच पेपर वाचायचा. तो बाक आता मागच्या अडगळीत. शनिवार-रविवारी मुंबईकर यायचे, पण एरवी मी आणि ती फरशी एकमेकींकडे बघत बसायचो. वर्षानुवर्षं पुढच्या दाराने येणारी मासेवाली फातमाबीसुद्धा मागून यायला लागली. चाचांनी कारण विचारलं तर म्हणाली, "मी नाय बा तिकडनं येत. माझ्या पायाला बंदराची रेती."

चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. पडवीच्या पायरीवर बसून राहिले. दोन-चार माणसं दारापर्यंत आली, आत डोकावली, परत गेली. संध्याकाळी ते नानांसमोर उभे राहिले. "चूक माझी. बोटीवर उतारू एकदा चढला की जाणार कुठे? इथे त्याला दारातूनच फिरता येतं, हे मी विसरलो. फरशी काढू या." नाना असे कडाडले की पेठेत ऐकू गेलं. चाचांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

संगमरवर उचलून वरच्या न्हाणीघरांत बसवला. हॉलमध्ये तांबडा कोबा आला, आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो तसा. बाकाला पॉलिश करून त्याला थेट माझ्या काउंटरशेजारी जागा दिली. काचेचं दार दिवसभर उघडं. पहिली आत आली फातमाबी, चपला घालून, टोपलीसकट. बाकावर टेकली आणि चहा मागितला. पोऱ्या फडकं घेऊन धावला तर चाचांनी त्याला अडवलं. आणि पूर्वी फरशीत चेहरा बघायचे तसे वाकून ते रेतीचे ठसे बघायला लागले.

वर्ष सरलं तेव्हा नानांचे मुलगे आले. हॉलमध्ये एका मुलीला बघायचा कार्यक्रम चाललेला, बाकावर जागा नाही, वरच्या खोल्या भरलेल्या. बिल्डरचं नाव पुन्हा निघालं नाही.

चाचा कुवेतला निघाले त्या सकाळी त्यांनी दारात वाकून बूट काढले आणि अनवाणी सगळ्या हॉटेलभर फिरून आले. मी म्हटलं, "चाचा, आता कशाला काढलेत? आता कोबा आहे." म्हणाले, "तेव्हा लोक भिऊन काढायचे. मी माझ्या घरात आलो म्हणून काढले." जाताना साध्या चपला घातल्या. बूट मी उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे बाय दारातच. पायताण दारात असलं म्हणजे माणूस घरात असतं."

दर ईदला त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच, बूट आहेत ना? एका ईदला फोन मुलाचा आला. मी काउंटरवरून उठून दाराशी गेले, चाचांचे बूट पदराने पुसले आणि पुन्हा तिथेच ठेवले.

हॉटेल आता मी सांभाळते. नवी खोली तयार झाली की आधी पलंगावर आडवी होते, कामाच्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. बूट महिन्यातून एकदा पॉलिश होतात. नवीन पाहुणे विचारतात, हे कुणाचे? मी सांगते, कप्तानचाचांचे. आत आहेत ते.